लसीची सुई व आईबापांचा होकार

मुलाला लस टोचावयाची कीं नाहीं हें ठरविण्याचा अधिकार आईबापांचा कीं सरकारचा, हा वाद गेल्या कांहीं वर्षांत आपल्याकडे पुन्हां डोकें वर काढूं लागला आहे. २००९ च्या ऑगस्टांत पुण्यास एक चौदा वर्षांची शाळकरी मुलगी स्वाइन फ्लूनें दगावली. या तापाचा देशांतील तो पहिला बळी. दुसऱ्याच वर्षीं त्यावरील लस देशांत तयार झाली. २७ नोव्हेंबर २०१८ पासून महाराष्ट्रांत नऊ महिन्यांपासून पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांस गोंवर-रुबेलाची लस टोचण्याची मोहीम शाळाशाळांतून निघाली. आणि तिची चर्चा थंडावते न थंडावते तोंच करोनाची साथ आली. आईबापांस विचारल्यावांचून मुलाच्या दंडास सुई लावावी काय, हा प्रश्न प्रत्येक वेळीं निघाला. हा वाद म्हणजे परदेशांतून आलेलें एक फॅड होय, असें कित्येक सुशिक्षित गृहस्थ म्हणतात. आम्हांस तें पटत नाहीं. हा प्रश्न आपल्या आजीपणजींनीं आपल्या परीनें विचारलेला आहे, आणि त्याचें उत्तर त्यांस फारसें कोणी दिलें नाहीं.

सोलापूर हें मराठी, कानडी, तेलुगू व उर्दू अशा चार भाषांचें शहर. तेलंगणांतील पद्मशाली विणकर आपले माग घेऊन येथें आले. १८७७ मध्यें जुनी गिरणी निघाल्यावर कामकऱ्यांची वस्ती आणखीच वाढली. या वस्तींतील घरांत मुलाच्या अंगावर फोड उठले म्हणजे त्यास कोणी रोग म्हणत नसे. मराठी आई म्हणे, देवी आल्या. तेलुगू आई म्हणे, अम्मवारू आली. पोचम्मा काय किंवा शितळा काय, ती घरीं आलेली पाहुणी. तिच्यासाठीं दारास कडुनिंबाचे डहाळे लागत, घरांत फोडणी पडत नसे, कोणी मोठ्यानें बोलत नसे. अशा घरीं सुई घेऊन आलेला मनुष्य कोणत्या भावनेनें पाहिला गेला असेल, हें सांगावयास नको. तरीही मराठी भाषेनें या परक्या विद्येस किती लवकर आपलेंसें केलें पाहा. लस टोचण्यास आपण ‘देवी काढणें’ म्हणूं लागलों, आणि टोचणाऱ्या सरकारी नोकरास ‘देवीडॉक्टर’. ज्या विद्येनें देवीस घालवून दिलें, तिलाच देवीचें नांव मिळालें!

लस मुंबईस आली ती बगदाद व बसरा या मार्गानें. १४ जून १८०२ रोजीं ॲना डस्टॉल नांवाच्या तीन वर्षांच्या मुलीच्या दंडावर ती उतरली, आणि तिच्या फोडांतील द्रवापासून पुढें हिंदुस्थानभर लसीचा विस्तार झाला. विस्ताराची ही रीत नीट समजून घेतल्यावांचून आईबापांचा विरोध समजणार नाहीं. त्या काळीं लस बाटलींत भरून येत नसे. एका मुलास टोचावयाचें, आठव्या दिवशीं त्याचा फोड भरला कीं त्यांतील द्रव काढून दुसऱ्या मुलांस टोचावयाचें, अशी दंडापासून दंडापर्यंत ती चाले. म्हणजे आपल्या मुलास देवी काढून घेतली कीं काम संपलें असें नव्हे. आठ दिवसांनीं तोच देवीडॉक्टर परत येई व ठणकणारा फोड फोडून आंतील द्रव मागे. कधीं कधीं मुलाला व आईला पुढच्या गांवीं घेऊन जात. आपलें मूल रोगापासून वांचावें म्हणून होकार देणारी आई, त्याच मुलानें दहा मुलांची लस पुरवावी या गोष्टीस राजी नसे. शिवाय हा द्रव कोणत्या जातीच्या मुलाच्या अंगचा, ही शंका होतीच. या शेवटच्या शंकेस आम्ही कसलाच मान देत नाहीं. परंतु पहिली तक्रार न्याय्य होती. तिचा परिहार व्याख्यानांनीं झाला नाहीं. तो वांसराच्या अंगावर लस तयार करण्याची रीत आल्यावर झाला. बेळगावच्या लससंस्थेंतून ती लस मुंबई इलाख्यांत जाऊं लागली, आणि मुलाचा फोड फोडण्याचा प्रसंग टळला. अर्थात् गाईच्या वांसराचें नांव निघतांच दुसऱ्या कित्येकांचें मन दुखावलें, हें निराळें.

कायद्याची गोष्ट थोडक्यांत सांगतों. मुंबई शहरापुरता सक्तीचा कायदा १८७७ मध्यें झाला. १८८० मध्यें झालेल्या हिंदुस्थान सरकारच्या कायद्याचा मसुदा सर सय्यद अहमदखान यांनीं मांडला. तो ज्या नगरपालिकांस लागू होई, तेथील चौदा वर्षांखालील मुलगे व आठ वर्षांखालील मुली यांस देवी काढविणें आईबापांवर बंधनकारक झालें. मुलींचें वय कमी कां, हें त्या काळचा पडदा व बालविवाह यांकडे पाहिलें म्हणजे ध्यानांत येतें. जिल्ह्यांसाठीं मुंबई सरकारनें १८९२ मध्यें आणखी कायदा केला. इकडे इंग्लंडांत १८५३ पासून सक्ती होती. तिच्याविरुद्ध १८८५ मध्यें लेस्टर शहरीं प्रचंड मिरवणूक निघाली, आणि १८९८ मध्यें पार्लमेंटास, ज्या बापाचें मन साक्ष देत नाहीं त्यास सूट द्यावी लागली. आमच्या १८८० च्या कायद्यांत अशा मनाच्या साक्षीचा उल्लेख नाहीं. राज्यकर्त्यांस तसा बाप हिंदुस्थानांत असूं शकेल असें वाटलें नसावें.

तो बाप होता, हें ग्रंथिक सन्निपाताच्या साथीनें दाखविलें. १८९७ च्या साथीच्या रोगांच्या कायद्याखालीं पुण्यास गोऱ्या सोजिरांनीं घरें धुंडाळलीं, त्याची परिणति २२ जूनच्या रात्रीं रँडसाहेबांवर झालेल्या गोळीबारांत झाली, ही कथा सर्वांस ठाऊक आहे. तितकी ठाऊक नसलेली गोष्ट अशी कीं, त्याच वर्षीं जानेवारींत हाफकिन यांनीं मुंबईस तयार केलेली लस प्रथम स्वतःस टोचून घेतली. आगाखानांनींही आपल्या अनुयायांदेखत ती टोचून घेतली. आणि १८९८ मध्यें हुबळीस तीस हजारांहून अधिक लोकांनीं ती घेतली. हुबळी कांहीं दूर नाहीं. होटगी-गदग लोहमार्गानें तें सोलापूरशीं जोडलेलें आहे. तेथील लोक पुण्याच्या लोकांहून भोळे होते काय? टोचून घेणारास घराबाहेरच्या छावणींत जाण्यापासून सूट मिळे, हा मोठा लोभ त्यांत होता, हें खरें. तेव्हां तो होकार अगदीं मोकळा नव्हता. पण दार फोडून आंत शिरणारा सोजीर आणि दाराशीं उभा राहून सवलत सांगणारा डॉक्टर यांतील भेद लोकांस बरोबर कळला.

आणि अविश्वासास कारण घडलें म्हणजे तें झांकून चालत नाहीं. १९०२ मध्यें पंजाबांतील मलकोवाल गांवीं प्लेगची लस घेतलेलीं १९ माणसें धनुर्वातानें मेलीं. दोष लसीच्या मूळ तत्त्वाचा नव्हता. हाफकिन यांस १९०७ मध्यें दोषमुक्त करण्यांत आलें. पण पांच वर्षें तो मनुष्य अपराधी म्हणून वावरला, आणि लोकांनीं मनांत धरलें तें एकोणीस हा आंकडाच.

आतां दुसऱ्या बाजूचा एक प्रसंग सांगणें भाग आहे, कारण आईबापांच्या हक्काची बाजू घेणारांस तो टाळतां येणार नाहीं. महात्मा गांधी देवी काढण्याच्या उघड विरुद्ध होते. १९१३ च्या आपल्या आरोग्यविषयक लेखमालेंत त्यांनीं ती चाल घाणेरडी ठरविली होती. १९३० च्या आरंभीं साबरमतीच्या आश्रमांत देवीची साथ शिरली व तीन मुलें गेलीं. त्यांत पंडित नारायण मोरेश्वर खरे यांचा मुलगा होता. आश्रमभजनावलीचे संग्राहक हे खरे पंडित. त्यानंतर थोड्याच आठवड्यांनीं तंबोरा घेऊन ते दांडीच्या वाटेस लागले. गांधीजींच्या जिवाला फार लागलें, तरी मत बदललें नाहीं. या मंडळींच्या सचोटीविषयीं शंका घेण्याचें कोणाचें धाडस होईल? सदसद्विवेक, त्याग, मुलांवरील माया, कशाचीच तेथें वाण नव्हती. तरी मुलें गेलीं. बाप आपल्या शरीरापुरता नकार देतो तेव्हां त्याची किंमत तो स्वतः मोजतो. मुलाच्या वतीनें दिलेल्या नकाराची किंमत मात्र मुलानें मोजलेली असते. जगांतून देवीचा रोग गेला, हिंदुस्थानांतील शेवटचा रोगी १९७५ च्या मे महिन्यांत आढळला, तो लसीनेंच गेला. आणि त्या अखेरच्या दोन वर्षांत सक्ती झाली नाहीं असेंही म्हणवत नाहीं.

मग फ्लूच्या लसीसही हाच न्याय लावावा काय? आमच्या मतें नाहीं. १९१८ मध्यें ‘मानमोडी’ आली तेव्हां एकट्या मुंबई इलाख्यांत दहा लाखांवर माणसें मेलीं. त्या वेळीं तिचा विषाणूच कोणास सांपडला नव्हता, तो मनुष्यांत १९३३ सालीं सांपडला. हा विषाणू वेष पालटीत राहतो. म्हणून जागतिक आरोग्य संघटना वर्षांतून दोनदां त्याची नवी ओळख जाहीर करते व लस दरसाल नवी करावी लागते. ओळख बरोबर जुळली त्या वर्षींही शंभरांतील चाळीस ते साठ प्रकरणेंच टळतात असा अनुभव आहे. देवीच्या लसीशीं हिची बरोबरी करून सक्ती मागणें हा अतिरेक होय. आणि अर्धेंच संरक्षण देते म्हणून ती निरुपयोगी ठरविणें हाही अतिरेकच, कारण पांच वर्षांखालील मुलास हा ताप जड जातो. इंग्लंडांत २०१३ पासून मुलांस नाकांत फवारावयाची लस देऊं लागले; तींत डुकरापासून काढलेलें जिलेटिन असल्यामुळें मुसलमान आईबापांनीं हरकत घेतली, आणि पुढें त्यांच्यासाठीं सुईच्या निराळ्या लसीची सोय करण्यांत आली. वांसराच्या लसीविषयींची आमची जुनी हरकत येथें आठवल्यावांचून राहत नाहीं.

आपल्या न्यायालयांनींही याच दिशेनें पाऊल टाकलें आहे. जानेवारी २०१९ मध्यें दिल्लीच्या उच्च न्यायालयानें आईबापांच्या संमतीवांचून शाळेंत गोंवर-रुबेलाची लस टोचण्यास मनाई केली. २ मे २०२२ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें कोणासही लस घेण्याची बळजबरी करतां येणार नाहीं असें ठरवितांना, साथ रोखण्यासाठीं वाजवी बंधनें घालण्याचा सरकारचा अधिकारही कायम ठेवला, आणि लसीचे दुष्परिणाम लोकांपुढें मांडण्यास सांगितलें.

होकार घ्यावा असें न्यायालय म्हणतें. तो कसा घ्यावयाचा हें सोलापुरासारख्या शहरानें ठरवावयाचें आहे. शाळेंतून घरीं येणारा छापील कागद मराठींत असला, आणि तो वाचणारी आई घरांत तेलुगू बोलणारी, विड्या वळून पोट भरणारी असली, तर तिनें खालीं उठविलेला अंगठा होकार म्हणून मोजावा काय? तिला विचारावयाचें तर तिच्या भाषेंत, ती कामावरून परतल्यावर, लसीनें ताप येईल तो किती दिवस राहील व कोणत्या मुलास ती देऊं नये हें सांगून विचारलें पाहिजे. आणि फ्लूच्या बाबतींत तर आणखी एक अडचण आहे. सर्व मुलांसाठींच्या सरकारी लसीकरणांत ही लस नाहीं. बालरोगतज्ज्ञांची संस्था तिची शिफारस करते, पण ती विकत घ्यावी लागते, आणि एका सुईची किंमत त्या आईच्या कित्येक दिवसांच्या मजुरीइतकी होते. अशा आईनें लस टोचून घेतली नाहीं, तर तिनें नकार दिला असें कोणत्या नोंदवहींत लिहावें?