कुलाब्याची चित्रशाळा

कुलाब्याच्या टोकाला असलेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे नाव आपणां भगिनींच्या कानांवर असते. तेथील चित्रांची वार्ता मात्र थोड्यांनाच. आगाऊ परवानगी काढून आम्ही काहीजणी गेलो. प्रवेशदालनातच हुसेनांचे ‘भारत भाग्य विधाता’ हे भित्तिचित्र: ४५ फूट लांब, ९ फूट उंच. पाहता पाहता चालावेच लागते! पुढे गायतोंडे, आरा, हेब्बर.

१९४५ साली संस्था स्थापणारे डॉ. होमी भाभा स्वतःही उत्तम चित्रे काढीत. इमारतीच्या खर्चातील शेकडा १ हिस्सा कलाकृतींसाठी वापरण्यास त्यांनी पंडित नेहरूंची संमती मिळविली. (घरखर्चातून असा हिस्सा काढणे किती कठीण, ते आपण जाणतोच.) १९६२ मध्ये नेहरूंच्या हस्ते इमारतीचे उद्घाटन झाले, १९६६ साली विमान अपघातात भाभा गेले.

पैसा जनतेचा, तेव्हा हे दार सर्वांना अधिक वेळा उघडावे, असे मला वाटते. तेवढ्यात वह्या काखोटीला मारलेला एक तरुण हुसेनांच्या चित्रासमोरून मान न वळविता निघून गेला. रोजचेच ना त्याला!