शनिवारी फोन कोण उचलणार?

आमच्या धंद्यात 'एस्कलेशन' हा शब्द दिवसातून दहा वेळा कानावर पडतो. अलर्ट आला, तिकीट उघडलं, त्यावर पी-वन की पी-टू ते टाकलं. ठरलेल्या वेळात कुणी हात लावला नाही तर सॉफ्टवेअर आपोआप वरच्या माणसाला फोन लावतं. तो झोपलेला असेल तर त्याच्या वरच्याला. ही हुशारी आपणच शोधून काढली असा आम्हा आयटीवाल्यांचा एक गोड गैरसमज असतो. मंडळी, तसं काही नाहीये! माझं गाव हदगाव, जिल्हा नांदेड. आमच्याकडे ही शिडी निजामाच्या काळापासून आहे.

निजामाच्या राज्यात गावाला दोन पाटील असत. माली पाटील वसुलीचा आणि पोलीस पाटील बंदोबस्ताचा. १९४८ साली निजामी गेली, पण पोलीस पाटील राहिला. १९६७ च्या महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियमात त्याची कामं लिहिलेली आहेत. गुन्हे रोखायचे आणि गावात काही विपरीत दिसलं की वर कळवायचं. यात एक बारकावा आहे. चोर कोण, कुठून आला, काय काय नेलं हे सगळं शोधून मग सावकाश कळवायचं नाही. आधी कळवायचं, शोध नंतर. आणि दरोडेखोर वेशीपाशी आलेच, तर वेस लावून घ्यायला तालुक्याहून हुकूम येईपर्यंत कोण थांबणार? म्हणजे बातमी वर जाते, पण दार लावायचा अधिकार खालीच असतो. हे दोन मुद्दे लक्षात ठेवा, पुढे लागतील.

संगणकाच्या जगात ही शिडी पहिल्यांदा लागली ती १९८८ मध्ये. २ नोव्हेंबरला रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याने सोडलेला 'वर्म' हाताबाहेर गेला आणि हजारो मशीन्स गुदमरल्या. त्याच्या हार्वर्डमधल्या मित्राने रात्रीतूनच, नाव न सांगता, हा कसा थांबवायचा याचा संदेश नेटवर्कवर टाकला. पण नेटवर्कच तुंबलेलं! संदेश वेळेत पोचलाच नाही. त्यानंतर काही दिवसांतच कार्नेगी मेलन विद्यापीठात 'सर्ट' सुरू झालं, म्हणजे अशा वेळी फोन करायची एक ठरलेली जागा. आपल्याकडे 'सर्ट-इन' आलं २००४ मध्ये.

आता पुण्याकडे येऊ. कॉसमॉस ही १९०६ साली स्थापन झालेली सहकारी बँक. ११ ऑगस्ट २०१८ ला तिच्यावर हल्ला झाला. कॅलेंडर काढून बघा, तो दिवस दुसरा शनिवार होता. बँकांना सुट्टी.

एटीएममध्ये कार्ड घातलं की विचारणा 'स्विच' नावाच्या यंत्रणेकडे जाते. ती बँकेच्या मुख्य यंत्रणेला विचारते, "याच्या खात्यात पैसे आहेत का?" हल्लेखोरांनी मालवेअर घुसवून मध्येच एक खोटा स्विच उभा केला. विचारणा खऱ्या यंत्रणेपर्यंत पोचतच नव्हती. खोटा स्विच परस्पर "आहेत, द्या" म्हणत राहिला. २८ देशांतल्या एटीएममधून सुमारे १२,००० व्हिसा व्यवहारांत ७८ कोटी रुपये गेले. भारतात रुपे कार्डांवर सुमारे २,८०० व्यवहारांत आणखी अडीच कोटी. खोट्या कार्डांनी काढलेले हे पैसे बँकेचे होते. खातेदारांच्या शिलकीला धक्का लागलेला नाही असं बँकेनं तेव्हा सांगितलं. पण इंजिनियर म्हणून मला भीती वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. ज्या यंत्रणेनं बोंब मारायची, तिला कुणी काही विचारलंच नाही, तर ती बोंब मारणार कशी?

त्याहून चुटपुट लावणारी गोष्ट म्हणजे इशारा आधीच निघालेला होता. शुक्रवारी, १० ऑगस्टला, एफबीआयने बँकांना एक गोपनीय सूचना पाठवली होती की जगभरातल्या एटीएममधून एकाच वेळी पैसे उपसण्याचा बेत आहे. ब्रायन क्रेब्स या पत्रकाराने ती बातमी छापली रविवारी. तोवर शनिवार होऊन गेला होता.

आणि मग आला सोमवार, १३ ऑगस्ट. त्या दिवशी सकाळी स्विफ्ट यंत्रणेतून हाँगकाँगच्या हँग सेंग बँकेतल्या एका कंपनीच्या खात्यात १३ कोटी ९२ लाख रुपये गेले. एकूण आकडा झाला ९४ कोटी ४२ लाख.

माझ्या मते सगळ्यात मोठा धडा या सोमवारात आहे. शनिवारची घटना कार्डांची आणि सोमवारची स्विफ्टची. कुठल्याही तिकीट-सॉफ्टवेअरमध्ये या दोन गोष्टी दोन वेगळ्या रांगांत जाऊन बसतील. कार्डवाली टीम वेगळी, परदेशी व्यवहारवाली वेगळी. पण चोर एकच असतो आणि तो घरात असतो. मागच्या दारातून भांडी गेली हे कळल्यावर नुसतं मागचं दार लावून भागत नाही, माडीवर कोण आहे ते बघावं लागतं. म्हणून एस्कलेशन म्हणजे 'वरच्याला कळवलं' एवढंच नव्हे. सगळ्या रांगांकडे एकदम बघू शकेल आणि सगळी दारं लावायचा अधिकार ज्याला आहे, अशा माणसापर्यंत बातमी पोचली तरच ते एस्कलेशन!

पुढे संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीच्या २०१९ च्या अहवालात हा हल्ला उत्तर कोरियाशी जोडला गेला. इथल्या एटीएममधून पैसे काढणारे प्यादे मात्र सापडले. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना दोषी ठरवलं.

नियमही बदलले. जून २०१६ मध्येच रिझर्व्ह बँकेने व्यापारी बँकांना सायबर घटना २ ते ६ तासांत कळवायला सांगितलं होतं. नागरी सहकारी बँकांसाठी किमान सायबर सुरक्षेची चौकट आली १९ ऑक्टोबर २०१८ ला, म्हणजे कॉसमॉसनंतर दोन महिन्यांनी. २०१९ च्या शेवटी या बँकांच्या चार पातळ्या ठरल्या. जितका डिजिटल पसारा मोठा, तितके नियम कडक. आणि एप्रिल २०२२ मध्ये सर्ट-इनने ६ तासांची मर्यादा बँकांपुरती न ठेवता कंपन्या आणि सरकारी कार्यालयांनाही लावली.

छान. पण दरम्यान घड्याळच बदललं होतं. एनईएफटी १६ डिसेंबर २०१९ पासून चोवीस तास झालं, आरटीजीएस १४ डिसेंबर २०२० पासून. रात्री दोनला पैसे पाठवता येतात याचं आपल्याला कोण कौतुक! पण रात्री दोनला जे पाठवता येतं, ते रात्री दोनला चोरताही येतं.

जानेवारी २०२१ मध्ये आमच्या नांदेडला हेच बघायची वेळ आली. शंकर नागरी सहकारी बँकेचं आयडीबीआय बँकेच्या वजिराबाद शाखेत खातं होतं. त्यातून सुमारे साडेचौदा कोटी रुपये ऑनलाइन परस्पर वळवले गेले. आरटीजीएस चोवीस तास होऊन तेव्हा जेमतेम महिना झाला होता. पुण्यातल्या मोठ्या बँकेचं काय ते वाचून "आपलं गाव लहान, आपल्याकडे कोण येतंय" असं म्हणायची सोय तिथेच संपली. इथे तर शिडी दोन संस्थांमधून जाते, पैसे एका बँकेचे आणि खातं दुसऱ्या बँकेत. मग सुट्टीच्या दिवशी कुणी कुणाला फोन करायचा? आणि उचलणाऱ्याला "थांबवा" म्हणायचा अधिकार आहे का?

हदगाव-हिमायतनगरकडच्या माणसाचे सोयाबीनचे, हळदीचे पैसे अशाच खात्यांत असतात. लहान बँकेत रात्रपाळीची सिक्युरिटी टीम नसते, कारण तेवढा पगारच परवडत नाही. ते मला कळतं. पण शिडी कागदावर काढायला पैसे लागत नाहीत. पहिला फोन कुणाला, दुसरा कुणाला, आणि साहेब लग्नाला गेले असतील तर स्विच बंद करायची मुभा कुठल्या क्लार्कला... एवढं एका पानात मावतं. ते पान भिंतीवर लावा, आणि महिन्यातून एकदा रविवारी रात्री खरोखर फोन लावून बघा.

घरच्यांसाठीही एक शिडी आहे. ऑनलाइन फसवणूक झाली की लगेच १९३० ला फोन. शरमेपोटी चार दिवस गप्प बसायचं नाही, फसवणारा कोण ते शोधत बसायचं नाही. आधी कळवायचं, शोध नंतर. आई-बाबांच्या मोबाइलमध्ये हा नंबर आजच सेव्ह करून टाका.