विम्यावर पहारा कुणाचा?

तुम्ही १८४४ सालच्या लंडनमध्ये, एका लिलावाच्या गर्दीत उभे आहात. पुढे एक थकलेला म्हातारा आहे आणि विक्रीला आहे त्याची आयुर्विम्याची पॉलिसी. वर्षानुवर्षं भरलेले हप्ते आता त्याला झेपत नाहीत आणि हप्ता चुकला की आजवरचं सगळं बुडालं. म्हणून मिळेल त्या किमतीला तो कागद विकतोय. बोली लावणारे त्याचा चेहरा न्याहाळतात. पुढचे हप्ते ते भरणार, हा गेला की रक्कम त्यांची. म्हणजे हा जितक्या लवकर जाईल, तितका त्यांचा फायदा.

गर्दीत एक अमेरिकन आहे, एलायझर राइट. गणिताचा माजी प्राध्यापक आणि गुलामगिरीविरोधी चळवळीतला खंदा कार्यकर्ता. ला फोंतेनच्या कथांचं स्वतः केलेलं भाषांतर विकायला तो इंग्लंडला आलाय. माणसांचे लिलाव त्याला ठाऊक आहेत. म्हणूनच हे दृश्य त्याच्या मनातून जात नाही.

त्याच्या मागोमाग बोस्टनला चला. १८५८ मध्ये मॅसॅच्युसेट्सनं कायदा केलाय: उद्याचे दावे भागवण्याइतकी गंगाजळी कंपनीनं राखली आहे की नाही, हे राज्य तपासणार. आयुक्त खुद्द राइट. तीनच वर्षांत दुसरा कायदा येतो आणि हप्ता थकला म्हणून सगळे पैसे गिळण्याची मुभा जाते. या सगळ्यात वॉशिंग्टनचं सरकार कुठेच नाही. एका माणसाची चीड आणि एका राज्याचं विधिमंडळ, एवढ्यावर हे उभं राहिलं, याचं मला फार मोल वाटतं.

आता व्हर्जिनियातलं पीटर्सबर्ग, १८६६. यादवी युद्ध संपून जेमतेम वर्ष झालंय. सॅम्युअल पॉल हा न्यू यॉर्कच्या आगविमा कंपन्यांचा एजंट. परवान्याची फी भरायला तो तयार आहे. पण नवा कायदा सांगतो, परराज्यातल्या कंपनीनं आधी सरकारी खजिन्यात रोखे ठेवावेत. कंपन्यांनी ते ठेवलेले नाहीत. परवाना मिळत नाही, तरीही पॉल पॉलिसी विकतो. त्याला दंड होतो ५० डॉलर.

एवढ्याशा दंडासाठी खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जातो, कारण कंपन्यांना राज्याराज्यांच्या जाचातून सुटायचं आहे. विमा हा आंतरराज्य व्यापार आहे, त्यावर हक्क काँग्रेसचा, राज्यांचा नाही, असा त्यांचा दावा. १८६९ मध्ये न्यायमूर्ती फील्ड निकाल देतात: पॉलिसी काढणं हा व्यापारच नव्हे. कंपन्या हरतात. दोन वर्षांत राज्यांचे आयुक्त न्यू यॉर्कला जमतात आणि त्यांची संघटना आजही टिकून आहे.

तिथून थेट १९४४. साउथ-ईस्टर्न अंडररायटर्स ही जवळपास २०० आगविमा कंपन्यांची संघटना. दक्षिणेतल्या सहा राज्यांत संगनमतानं दर ठरवल्याबद्दल केंद्र सरकारनं तिच्यावर खटला भरलाय. न्यायालयात मागच्या बाकावर बसा आणि बचाव ऐका: विमा हा व्यापार नव्हे, १८६९ चा निकाल पाहा! ज्या निकालानं कंपन्या एकदा हरल्या, तोच आता त्यांची ढाल. कंपन्यांना केंद्र हवं की राज्य? जे कमी विचारेल ते, हे माझं स्पष्ट मत.

चार विरुद्ध तीन मतांनी न्यायालय सांगतं, विमा हा व्यापारच आहे. पण ९ मार्च १९४५ रोजी मॅकॅरन-फर्ग्युसन कायदा होतो आणि काँग्रेस देखरेख पुन्हा राज्यांकडे सोपवते. मक्तेदारीविरोधी केंद्रीय कायदाही बहुतांशी तिथेच लागू, जिथे राज्यानं स्वतः नियमन केलेलं नाही.

या वाटणीतली फट पाहायला १६ सप्टेंबर २००८ ला या. एआयजी या बलाढ्य विमा कंपनीला वाचवण्यासाठी फेडरल रिझर्व्ह ८५ अब्ज डॉलरचं कर्ज देतेय. एआयजीच्या विमा उपकंपन्यांवर राज्यांची नजर होती. पण मोठं भगदाड पडलं ते कर्जबुडीची हमी देणाऱ्या करारांमुळे. काम विम्याचं, पण कायद्यानं ते विमा नव्हते. त्यामुळे राज्यांचे विमा आयुक्त त्यांच्यापर्यंत पोचलेच नाहीत. २०१० मध्ये केंद्रानं फेडरल इन्शुरन्स ऑफिस उघडलं. ते माहिती गोळा करतं, परवाने देत नाही, दरही ठरवत नाही.

आता आजच्या न्यू जर्सीत या. भारतात विम्यासाठी हैदराबादचं एकच प्राधिकरण पाहिलेले आपले लोक इथे गोंधळतात. मोटारीच्या किंवा घराच्या विम्याची तक्रार राज्याच्या विमा खात्याकडे जाते. पण नोकरीतून मिळालेल्या आरोग्य योजनेचे दावे नोकरी देणारी कंपनी स्वतःच्या खिशातून भागवत असेल (म्हणजे योजना सेल्फ-फंडेड असेल), तर १९७४ च्या एरिसा कायद्यानुसार ती केंद्राच्या कामगार खात्याच्या अखत्यारीत येते. योजना अशी असो की विमा कंपनीकडून घेतलेली, कार्ड दिसायला सारखंच असतं. तेव्हा आजारपण येण्याआधीच ऑफिसात विचारून घ्या: आपली योजना सेल्फ-फंडेड आहे का?