पहिले साठ फूट

ड्रॅग शर्यतीत वळण नाही, चढ नाही, उतार नाही. पाव मैलाचा, म्हणजे १३२० फुटांचा, सरळ रस्ता असतो. दोन स्पर्धक उभ्या जागेवरून सुटतात आणि पलीकडची रेषा जो आधी ओलांडतो तो जिंकतो. वरवर पाहता हा केवळ एंजिनांच्या बळाचा सामना वाटावा. परंतु या खेळातील जाणकार धाव संपताच प्रथम पाहतात तो पहिल्या साठ फुटांना लागलेला वेळ. हे अंतर उत्तम मोटारसायकल सुमारे एका सेकंदात काटते; आणि तेथे गमावलेला क्षण पुढील १२६० फुटांत भरून काढणे फार कठीण असते. अमेरिकेतील स्वारांना आणि कारागिरांना हे शहाणपण एकाएकी लाभले नाही. त्यासाठी पाव शतक खर्ची पडले.

१९५० साली कॅलिफोर्नियातील सांता आना येथील विमानतळाच्या धावपट्टीवर नियमित शर्यती सुरू झाल्या. पोलिओमुळे चाकांच्या खुर्चीला खिळलेल्या चेट हर्बर्ट या तरुणाने तयार केलेली हार्ले-डेव्हिडसन तेथे मोटारींनाही मागे टाकू लागली. तिला 'बीस्ट', म्हणजे श्वापद, असे नाव होते. तिच्या यशाचे मर्म साधे होते. मोटारसायकलीला थोडेच वजन ओढावयाचे असते. साहजिकच पुढील मंडळींनी एंजिनाचे बळ वाढविण्याचा सपाटा लावला आणि तेथेच खरी अडचण उभी राहिली.

दुचाकी वाहन सुटताना त्याचा भार मागील चाकावर सरकतो. या भारामुळेच टायर रस्त्याला धरून राहतो. परंतु शक्ती प्रमाणाबाहेर गेली की एक तर चाक जागच्या जागी गरगर फिरते, नाही तर पुढचे चाक उचलून गाडी स्वारावर उलटू पाहते. उलट, शक्ती भीत भीत द्यावी तर एंजिन दबते आणि प्रतिस्पर्धी निघून जातो. या दोन संकटांमधील वाट अरुंद आहे, आणि ती सारी क्लचच्या हाताळणीत आहे. एंजिनाचे फेरे स्थिर राखून, अंग पुढे झुकवून, क्लच एकदम न सोडता किंचित घसरू देत सोडावयाचा, ही स्वाराची विद्या.

मिशिगन राज्यातील ई. जे. पॉटर याने १९६० च्या सुमारास या विद्येलाच बगल दिली. त्याने मोटारसायकलीच्या सांगाड्यात चक्क शेव्हरोले मोटारीचे आठ सिलिंडरांचे एंजिन बसविले. एवढे बळ पेलणारा क्लच त्याच्यापाशी नव्हता. म्हणून तो मागील चाक आधारावर उचलून ठेवी, एंजिन भरवेगात फिरवी आणि मग गाडी त्या आधारावरून खाली ढकलून देई. फिरते चाक जमिनीला लागताच धुराचे लोट उसळत आणि ही गाडी पाव मैल धूर ओकीत जाई. प्रेक्षकांनी त्याला 'मिशिगनचा वेडा' म्हटले. त्याच्या धाडसाविषयी वाद नाही. परंतु त्या धुरात वाया जात होती ती शक्तीच.

१९६३ साली इंडियानापोलिस येथील राष्ट्रीय स्पर्धेत निशाणवाल्या माणसाच्या जागी रंगीत दिव्यांचा खांब उभा राहिला. आता घाई केली तर तांबडा दिवा लागून शर्यत हातची जाऊ लागली.

खरे उत्तर सत्तरीच्या दशकात मिळाले. टी. सी. क्रिस्टेन्सन याच्या 'हॉगस्लेयर' या गाडीत नॉर्टनची दोन एंजिने होती. पण तिचा लौकिक केवळ एंजिनांचा नव्हता. तिला रुंद, गुळगुळीत टायर होता आणि घसरता क्लच होता. या क्लचच्या तबकड्या आरंभी एकमेकींवर घसरतात. वेग वाढेल तसा त्यांवरील दाब वाढतो आणि शेवटी त्या घट्ट बसतात. बोटांनी जे क्षणार्धात साधावयाचे, ते लोखंडाने शिकून घेतले.

रस कॉलिन्स याने तर तीन होंडा एंजिनांची गाडी बांधली होती. १९७६ साली ॲक्रन येथे तिला भीषण अपघात झाला आणि कॉलिन्स रुग्णालयात पडला. बरा झाल्यावर त्याने नवी गाडी बांधली, ती मात्र दोनच एंजिनांची. हवा कोंडून देणारा सुपरचार्जर तिला होता; पण एका एंजिनाचे ओझे गेले होते. दशक संपण्यापूर्वी त्या गाडीने पाव मैल ७.३० सेकंदांत काटला. तीन एंजिनांच्या गाडीपेक्षा तिची धाव सरस ठरली.

१९९९ साली लॅरी मॅकब्राइड याने सहा सेकंदांच्या आत हे अंतर तोडले. आज अशा गाड्यांची लांबी मोठी असते, बैठक जमिनीलगत असते आणि उलटू नये म्हणून मागे लांब दांड्यांवर लहान चाके असतात. धावेपूर्वी टायर ओल्या जागी फिरवून तापवितात, म्हणजे तो रस्त्याला चिकटतो. इतके असूनही एक निर्णय स्वाराकडेच राहिला आहे. गाडी तिरपी जाऊ लागली की मूठ सैल करावयाची. शर्यत हरावी लागते, पण स्वार घरी परततो. बळ मिळविण्यास या मंडळींना थोडी वर्षे लागली. त्यातले किती, केव्हा द्यावे हे शिकण्यासच बहुतेक काळ गेला.