अल्सेशियन की डॉबरमन? दोन जर्मन कुत्र्यांची गोष्ट

एपिसोड ऐकायला ज्यांना वेळ मिळाला नाही, त्यांच्यासाठी हे त्याचं लिखित रूप.

तर झालं असं, की माझ्या दादाला कुत्रा पाळायचाय. पुण्यात टू बीएचके फ्लॅट, दादा-वहिनी दोघंही नोकरीवाले, घरात चार वर्षांची पुतणी. आणि दादाच्या डोक्यात दोनच नावं: जर्मन शेफर्ड नाहीतर डॉबरमन. फॅमिली ग्रुपवर रोज रील्सचा पाऊस. त्यात आजोबांनी विचारलं, "अरे, मग अल्सेशियन का नको?" दादा म्हणाला, "आजोबा, अल्सेशियन म्हणजेच जर्मन शेफर्ड!" आजोबांना काही पटेना. एकाच कुत्र्याला दोन नावं कशाला?

म्हटलं, इथूनच सुरुवात करूया.

साल १८९९. जर्मनीतल्या कार्ल्सरूहे शहरात कुत्र्यांचं प्रदर्शन भरलं होतं. तिथे माक्स फॉन श्टेफानित्स नावाच्या घोडदळातल्या अधिकाऱ्याला लांडग्यासारखा दिसणारा, मेंढ्या राखणारा एक कुत्रा आवडला. त्याने तो तिथल्या तिथे विकत घेतला, त्याचं नाव बदलून होरांड ठेवलं आणि त्याच महिन्यात या जातीसाठी संस्थाही काढली. तिच्या वहीत पहिली नोंद होरांडची.

आता हे कुत्रे मूळचं काय काम करायचे, ते नीट ऐका. तिथे शेतांना कुंपण नसायचं. मेंढ्या एका पट्ट्यात चरायच्या आणि त्यांनी शेजारच्या पिकात तोंड घालू नये म्हणून कुत्रा दिवसभर हद्दीवरून येरझाऱ्या घालायचा. थोडक्यात, चालतंफिरतं कुंपण! पुढे कारखाने वाढले, मेंढ्या कमी झाल्या. श्टेफानित्सने ओळखलं, की काम गेलं तर ही जातही जाईल. म्हणून त्याने पोलीस आणि लष्कराकडे हे कुत्रे नेले. पहिल्या महायुद्धात त्यांनी निरोप पोचवले, जखमी शोधले. १९१६ मध्ये ओल्डेनबुर्गला युद्धात दृष्टी गेलेल्या सैनिकांसाठी वाटाड्या कुत्र्यांची शाळा निघाली, तिथेही हेच.

आणि नावाची भानगड? युद्धानंतर इंग्लंडमध्ये 'जर्मन' हा शब्दच नकोसा झाला होता. पण कुत्रा तर हवाच! मग १९१९ मध्ये तिथल्या केनेल क्लबने त्याला फ्रान्स-जर्मनीच्या सीमेवरच्या अल्सास प्रांतावरून 'अल्सेशियन' करून टाकलं. आपल्याकडे तेव्हा इंग्रजांचं राज्य, त्यामुळे तेच नाव रुजलं. इंग्लंडने १९७७ मध्ये जुनं नाव परत आणलं, आमच्या आजोबांनी अजून नाही.

आता डॉबरमन. ही गोष्ट त्याच देशातली, पण थोडी आधीची. थुरिंगिया प्रांतातल्या आपोल्डा गावात कार्ल फ्रीडरिश लुई डोबरमान नावाचा माणूस करवसुली करायचा. शिवाय गावातले भटके कुत्रे पकडायचं कामही त्याच्याकडे होतं. खिशात पैसे घेऊन एकट्याने फिरायचं म्हणजे सोबत दणकट, सावध कुत्रा हवा. आपल्याकडे येणाऱ्या कुत्र्यांमधूनच त्याने तो घडवला. कुठल्या कुठल्या जाती मिसळल्या, याची नोंद काही त्याने ठेवली नाही. १८९४ मध्ये तो वारला. नंतर ओटो ग्योलर आणि इतरांनी जात पक्की केली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन मरीन्सनी प्रामुख्याने डॉबरमन नेले होते. १९४४ मध्ये ग्वाम बेटावर मेलेल्या २५ युद्धकुत्र्यांचं स्मारक आजही तिथे उभं आहे.

बरं, मग यातून दादाने काय घ्यायचं?

माझं म्हणणं असं: कुत्रा आणताना त्याचं जुनं कामही घरात येतं. शेफर्ड हा कळप सांभाळणारा. घरातली माणसं हाच त्याचा कळप. मुलं पळायला लागली की त्यांना वळवायला बघणार, आणि काम नसलं की स्वतःच काम शोधणार. मग सोफ्याचं काय होईल ते विचारू नका. डॉबरमन हा एका माणसासोबत चालणारा. त्याला तुमच्या पायाशीच बसायचं असतं, एकटेपणा अजिबात सोसत नाही.

वजनाचं बघाल तर नर शेफर्ड ३० ते ४० किलो, नर डॉबरमन ४० ते ४५ किलो आणि उंचीलाही जास्त. शेफर्डचे केस दाट, दुपदरी. पुण्याच्या एप्रिलमध्ये त्याला त्रास आणि घरभर केस. डॉबरमनचे केस आखूड, पण थंडी लगेच वाजते. शेफर्डला खुब्याच्या सांध्याचा त्रास होऊ शकतो, डॉबरमनला हृदयाचा. म्हणून पिल्लू घेताना आईवडिलांचे एक्स-रे आणि हृदयाच्या तपासण्या मागा. आणि डॉबरमनचे ते उभे कान, तोकडी शेपटी जन्मजात नसतात बरं का, कापलेली असतात. खुद्द जर्मनीत कान कापायला १९८७ पासून बंदी आहे. कान लोंबते असू द्या, छान दिसतात.

एक घरची गोष्ट सांगते. माझ्या लहानपणी काकांकडे अल्सेशियन होता, टायगर. दिवसभर फणसाखाली साखळीला, रात्री मोकळा. दिवसभर हद्दीवर चालायला घडलेला प्राणी, आणि त्याला दीड मीटरची साखळी! हळूहळू तो चिडका झाला, एकदा शेजारच्या मुलाला चावला, आणि मग कुणाच्या तरी शेतावर गेला. आम्ही म्हणायचो, "टायगर वाईट निघाला." आज ते वाक्य आठवलं तरी लाज वाटते. टायगर वाईट नव्हता, त्याला आणलं का हे कुणी विचारलंच नव्हतं.

म्हणून दादाला मी सरळ सांगितलं. मला विचारशील तर, मूल असलेल्या घरात वेळ देता येत असेल तर शेफर्ड. डॉबरमन, जर घरात कुणीतरी कायम असेल तर. पण तुम्ही दोघं रोज नऊ तास बाहेर असाल, तर सध्या दोन्ही नाहीत. आणि आधी एक परीक्षा दे: महिनाभर रोज पहाटे एक तास आणि संध्याकाळी एक तास चालून ये. कुत्र्याशिवाय. पावसातसुद्धा.

आज अकरावा दिवस आहे. दादा अजून चालतोय. पुतणीही संध्याकाळी सोबत जाते, आणि आजोबा विचारतात, "मग अल्सेशियन कधी येतोय?"

तुमच्या घरी काय ठरलं, ते नक्की कळवा. भेटूया पुढच्या एपिसोडमध्ये!