सिग्नल पडला, पण दिसला का?

गटाची बैठक आटोपली असेल, कुणी कापूस वेचून आल्या असाल, कुणाच्या चुलीवर भाजी असेल. काम चालू द्या, कान इकडे असू द्या. आज आपण रेल्वेच्या सिग्नलबद्दल बोलणार आहोत.

'सिग्नल पडला' हे शब्द आपल्याकडच्या म्हाताऱ्या बायांच्या तोंडी अजून आहेत. पूर्वी स्टेशनाबाहेर उंच लोखंडी खांब असायचा आणि त्याला लाल रंगाचा, पांढऱ्या पट्ट्याचा हात. हात आडवा असला की गाडीने थांबायचं, खाली झुकला की यायचं. हात झुकला की फलाटावर बसलेल्या बाया गाठोडी उचलायच्या आणि लेकरांना हाका मारायच्या. आपल्यासाठी तो गाडी येण्याचा निरोप होता. खरं तर तो हात आपल्यासाठी नव्हताच, इंजिनातल्या ड्रायव्हरसाठी होता. आणि त्याला तो दिसलाच नाही तर? या एका प्रश्नावर रेल्वेने पावणेदोनशे वर्षं डोकं खपवलं आहे.

आधी आपल्या मार्गाकडे पाहू. अकोला समुद्रसपाटीपासून सुमारे २८० मीटर उंचीवर आहे आणि वाशीम साडेपाचशेच्या आसपास. म्हणजे अकोल्याहून निघालेली गाडी अमानवाडी, जऊळका करत वाशीमला येईपर्यंत पठार चढून येते. (जऊळक्याने तर आपल्या नावातच 'रेल्वे' ठेवून घेतली आहे!) चढ आला की वळणं आली, माती-मुरूम कापून काढलेली खिंड आली, दोन्ही बाजूंना झाडी आली. २००८ साली हा मार्ग ब्रॉडगेज झाला, त्याआधी इथे मीटरगेजची छोटी गाडी धावायची. रूळ रुंद झाले, पण डोंगर काही सरळ झाला नाही. पंजाब-उत्तर प्रदेशासारखं दाट धुकं आपल्याकडे महिना-महिना बसत नाही. पौषात एखाद्या पहाटे धुवारी येते, तुरीच्या फुलोऱ्याची आपल्याला काळजी लागते, आणि ड्रायव्हरला समोरच्या सिग्नलची. पावसाळ्यातली झड आणखी वेगळी.

बैलगाडी कासरा ओढला की थांबते. आगगाडीचं तसं नाही. लोखंडाचं चाक लोखंडाच्या रुळावर चालतं, पकड कमी. भरधाव एक्सप्रेसला ब्रेक लावल्यावर पुरतं थांबायला एक किलोमीटरच्या आसपास रूळ लागतो. म्हणजे सिग्नल जवळ आल्यावर दिसून उपयोगाचा नाही.

रात्री हात दिसायचा नाही म्हणून खांबावर रॉकेलचा दिवा असे. तिन्हीसांजेला बत्तीवाला शिडीने चढून तो लावून यायचा. हाताला दोन रंगीत काचा जोडलेल्या असत आणि हात हलला की काच दिव्यासमोर येई. यातली गंमत सांगते. हिरव्या उजेडासाठी काच निळसर वापरत. रॉकेलची ज्योत पिवळी, पिवळ्यावर निळं आलं की लांबून हिरवं दिसतं. रांगोळीचे रंग कालवणाऱ्या बाईला हे वेगळं सांगायला नको.

आता एक जुनी गोष्ट, इंग्लंडची, पण तिचा धडा आपल्याही रुळांवर आला. २१ जानेवारी १८७६. अबॉट्स रिप्टन नावाचं छोटं स्टेशन, बाहेर बर्फाचं वादळ. त्या काळी तिथल्या सिग्नलचा हात एरवी 'या' असाच झुकलेला ठेवत आणि धोका असेल तेव्हाच आडवा करत. त्या दिवशी खांबाच्या खाचेत बर्फ साचला आणि हात झुकलेलाच अडकून बसला. सिग्नलवाल्याने दांडा ओढला, त्याला वाटलं हात आडवा झाला. ड्रायव्हरला मात्र 'या' दिसत राहिलं. एक्सप्रेस मालगाडीवर आदळली, त्या ढिगाऱ्यावर दुसरी एक्सप्रेस येऊन धडकली. तेरा-चौदा माणसं गेली.

त्यानंतर रीत उलटी झाली. सिग्नल नेहमी 'थांब' असाच राहील आणि रस्ता मोकळा असल्याची खात्री झाली तरच खाली पडेल. तार तुटली तर वजनाच्या जोरावर हात आपोआप आडवा होईल, म्हणजे बिघाड झाला तरी गाडी थांबेल. आपल्या आज्यांनी जो सिग्नल 'पडताना' पाहिला, तो पडायचा याचं कारण तो एरवी वर आडवा असायचा, आणि तो एरवी आडवा असायचा याचं मोठं कारण त्या बर्फात मेलेली माणसं. मला विचाराल तर रेल्वेच्या सगळ्या शोधांत हाच मोठा. त्यात नवं यंत्र फारसं नाही, फक्त शंका आली की थांबायचं एवढं ठरवलं.

वळणाचं आणि पुलाचं काय केलं? सिग्नल उंच असला की लांबून दिसतो, पण मध्ये रस्त्याचा पूल आला की जवळ आल्यावर झाकला जातो. तिथे एकाच खांबावर दोन हात लावले, एक वर, एक खाली. दोन्ही एकदमच हलतात, वरचा लांबून पाहायला आणि खालचा जवळून. वळणाआड सिग्नल असेल तर त्याच्या अलीकडे दुसरा सिग्नल उभा केला. त्याचं काम एकच, पुढचा काय सांगतो तेच आधी सांगायचं. रंगीत दिव्यांच्या सिग्नलमध्ये अशा खांबावर इंग्रजी 'आर' हे अक्षर असतं. ओसरीवरून आजेसासूने काही सांगितलं आणि ते मागच्या अंगणापर्यंत पोहोचलं नाही, तर मधली सून तेच पुन्हा ओरडून सांगते ना, तसं.

धुक्यात मात्र हात दहा लावले तरी व्यर्थ. तिथे डोळ्याचं काम कानाने करायचं ठरलं. १८४१ साली एडवर्ड काउपर या इंग्रज इंजिनिअराने दारूगोळ्याची चपटी डबी काढली. ती रुळावर पट्टीने बांधायची, इंजिनाचं चाक वर आलं की धडाम. आपल्याकडे तिला पटाखाच म्हणतात. भारतीय रेल्वेचा नियम असा: स्टेशनजवळ ठरवून दिलेली एक खूण असते, निदान १८० मीटरवर. ती दिसेनाशी झाली की स्टेशनमास्तरने धुकं आहे असं समजायचं आणि माणूस पाठवायचा. त्याने सिग्नलच्या अलीकडे कमीत कमी २७० मीटरवर, दहा-दहा मीटरच्या अंतराने दोन पटाखे लावायचे. पटाखे वाजले की ड्रायव्हरला कळतं, सिग्नल आला, वेग आवरा, नीट पाहा.

हा माणूस कोण? बहुतेक वेळा रुळाची देखभाल करणारा गँगमन, ज्याला आता ट्रॅकमन म्हणतात. ज्या धुक्यात ड्रायव्हरला खांब दिसत नाही, त्याच धुक्यात हा रुळाशेजारी उभा. त्यालाही गाडी दिसत नाही आणि गाडीला तो दिसत नाही. गाडी गेली की पुन्हा जाऊन नवे पटाखे बांधायचे. काउपरचं नाव पुस्तकात आहे. थंडीत कांबळं पांघरून उभ्या राहिलेल्या माणसांची नावं कुठल्याच पुस्तकात नाहीत. आज या कामात बायाही आहेत, रुळावर हातोडा घेऊन चालणाऱ्या. त्यांच्या घरच्यांना विचारा धुवारीची पहाट कशी जाते ते.

इंजिनाच्या आतही एक रीत आहे. ड्रायव्हर आणि त्याचा सहायक प्रत्येक सिग्नल मोठ्याने बोलून एकमेकांना सांगतात. एकाने म्हटलं 'हिरवा', दुसऱ्याने पाहून तेच म्हणायचं. साताऱ्याच्या सुरेखा यादव १९८९ साली सहायक ड्रायव्हर झाल्या तेव्हा या बोलण्यात पहिल्यांदा बाईचा आवाज आला. ८ मार्च २०११ रोजी त्यांनी डेक्कन क्वीन पुण्याहून बोरघाट उतरवून मुंबईला नेली.

आता उपग्रहाच्या मदतीने चालणारं छोटं यंत्र धुक्याच्या भागात ड्रायव्हरसोबत देतात, ते पुढचा सिग्नल जवळ आल्याचं बोलून सांगतं. 'कवच' यंत्रणा तर सिग्नल इंजिनातच दाखवते आणि वेळ आली तर स्वतः ब्रेक लावते. तिच्या चाचण्या आपला मार्ग ज्या दक्षिण मध्य रेल्वेत येतो, तिथेच २०१६ साली झाल्या. तरी पटाख्याचा डबा अजून गाडीत आणि स्टेशनात ठेवलेला असतोच.

आपल्या उपयोगाचं दोन-तीन गोष्टींत सांगते. फाटकाच्या ६०० मीटर आधी 'सी/फा' लिहिलेली पिवळी पाटी असते, म्हणजे सीटी वाजवा, फाटक आहे. धुवारीत शेतावर जाताना ती सीटी हाच तुमचा सिग्नल, तेव्हा रुळाजवळ मोबाइलची गाणी बंद ठेवा. रुळावर पत्र्याची गोल डबी दिसली तर पोरांना हात लावू देऊ नका, ती फुटते.

आणि रूळ तुटलेला दिसला, झाड आडवं पडलेलं दिसलं तर? झेंडी नसेल तर दोन्ही हात डोक्यावर सरळ उंच धरायचे, रेल्वेच्या नियमात त्याचा अर्थ 'थांब' असाच आहे. रात्री बॅटरीचा पांढरा उजेड जोरजोरात आडवा हलवायचा. हे सगळं रुळापासून बाजूला उभं राहून. लाल कापड असेल तर उत्तमच. २०२२ साली उत्तर प्रदेशातल्या एटा जिल्ह्यात शेतावर निघालेल्या एका बाईला रूळ तुटलेला दिसला. जवळ झेंडी नव्हती, पटाखा नव्हता. अंगावर लाल साडी होती. तिने काटक्या रोवून ती साडी रुळावर आडवी बांधली. पॅसेंजरच्या ड्रायव्हरला ती लांबून दिसली आणि गाडी थांबली.