पाळी गेल्यावरची हाडं

गटाच्या बैठकीत एक प्रश्न हमखास निघतो. "रक्त तपासलं, प्लेटलेट चांगल्या आल्या, मग हाडं का दुखतात?" आम्हालाही सांगता येईना, म्हणून मागचा इतिहास वाचला.

बाई वाकली की पूर्वी सगळे वयालाच बोल लावत. अमेरिकेत बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलात फुलर अल्ब्राइट नावाचे डॉक्टर होते. हाडं ठिसूळ झालेले, पण पासष्टीच्या आतले 42 रुग्ण त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1941 साली मांडले. त्यात 40 जणी पाळी गेलेल्या बाया निघाल्या. म्हणजे नुसतं वय नव्हे! हाड रोज थोडं झिजतं, रोज थोडं भरतं, आपल्या मातीच्या भिंतीसारखं. बीजांडकोशातलं इस्ट्रोजेन आटलं की पोपडे निघतात जास्त आणि लिंपण होतं कमी.

इथे आम्हाला बीडच्या ऊसतोड बायका आठवतात. त्यांच्या पिशव्या काढल्याच्या प्रकरणी 2019 साली सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. पिशवीबरोबर बीजांडकोशही काढले, तर तिशीतल्या पोरीचीही हाडं त्या दिवसापासून झिजू लागतात. ऑपरेशनआधी हे तिला कोण सांगतं?

साध्या एक्स-रेत ही झीज फार उशिरा दिसते. 1963 साली कॅमेरॉन आणि सोरेन्सन यांनी हातातून किरण सोडून हाड मोजायची रीत दाखवली. पुढे डेक्सा यंत्र आलं. 1994 साली जागतिक आरोग्य संघटनेने उणे 2.5 किंवा त्याखालचा आकडा म्हणजे ठिसूळ हाड, असं ठरवलं. हा आकडा डेक्साचा. शिबिरात टाचेला लावतात त्या यंत्राला तो लागू नाही.

आता प्लेटलेट. 1882 साली इटलीच्या बिझोझेरोंनी त्यांचं रक्त थांबवायचं काम ओळखलं. त्या हाडाच्या मगजातच तयार होतात, हे 1906 साली राइट यांनी दाखवलं, तेही बोस्टनच्या त्याच दवाखान्यात. शेजार इतका जवळचा, म्हणून पाळी गेलेल्या बायांमध्ये दोन्ही आकडे जोडून बघणारे अभ्यास झाले. त्यांचे निष्कर्ष मात्र एकसारखे नाहीत. दीड ते साडेचार लाख प्लेटलेट असलेल्या बाईचंही हाड पोकळ असू शकतं.

म्हणून पंचेचाळीसच्या आत पाळी गेलेली किंवा साध्या पडण्याने मनगट मोडलेली बाई गटात असेल, तर डॉक्टरांना डेक्साबद्दल विचारा. रक्ताचा कागद चांगला आला म्हणून थांबू नका.